मज्जातंतूंना सांभाळणाऱ्या पेशी

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. गुलेन-बारे सिंड्रोम हे नाव तोवर डॉक्टर मंडळींच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. महिनाभरात ते घरोघरी पोचलं. आधी जुलाब आणि पोटदुखी. मग काही दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं. त्यानंतर अशक्तपणा पायांकडून वर सरकत हातांपर्यंत, काहींच्या बाबतीत श्वासाच्या स्नायूंपर्यंत. दोनशेहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पिण्याच्या पाण्याची चर्चा सुरू झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न अनेकांच्या मनात तसाच राहिला. पोटातल्या जंतूमुळे पाय कसे काय लुळे पडतात? मेंदू शाबूत, हाडं शाबूत, पायाचे स्नायूही शाबूत. मग बिघडलं काय?

उत्तर शोधायचं तर चेतापेशी आणि तिच्याभोवतीच्या आधारपेशी यांचं नातं समजून घ्यावं लागतं. शाळेत चेतापेशीची आकृती काढून नावं द्यायला सांगतात. आधारपेशींची बोळवण मात्र एखाद्या वाक्यात होते. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण मज्जातंतूंचे कितीतरी आजार आधी या आधारपेशींचे आजार असतात.

चेतापेशीला ढोबळमानाने तीन भाग. मधे पेशीकाय, म्हणजे केंद्रक आणि प्रथिनं बनवणारी सगळी यंत्रणा असलेला भाग. त्यातून फुटलेल्या आखूड फांद्या म्हणजे डेंड्राइट, त्या संदेश घेतात. आणि एक लांब शेपूट, अक्षतंतू, जो संदेश पुढे नेतो. आकृतीत हे तिन्ही भाग एका पानावर मावतात, त्यामुळे खरं प्रमाण लक्षात येत नाही. तुमच्या पायाचा अंगठा हलवणारी चेतापेशी घ्या. तिचं पेशीकाय कमरेच्या किंचित वर, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं आणि त्याची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तिचा अक्षतंतू तिथून निघून मांडी, पोटरी करत तळपायापर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ मीटरभर. एवढ्या लांबीला लागणारी बहुतेक प्रथिनं त्या चिमुकल्या पेशीकायातच तयार होतात आणि अक्षतंतूच्या आतल्या सूक्ष्मनलिकांवरून वाहून न्यावी लागतात. वाहतुकीचा सर्वांत जलद वेग दिवसाला साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे कमरेशी बनलेला माल तळपायाला पोचायला दोन-तीन दिवस. मधुमेहात मुंग्या आणि बधिरपणा आधी पायांच्या बोटांत का सुरू होतो, त्याचं एक कारण इथे सापडतं. जो तंतू सर्वांत लांब, त्याचा निभाव लागणं सर्वांत कठीण.

ही पेशी अशी सुटी, स्वतंत्र असते हेच मुळात वादाचं होतं. १८७३मध्ये इटलीतल्या आब्बियातेग्रासो गावच्या रुग्णालयात, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून काम करणाऱ्या कामिल्लो गोल्जी यांनी सिल्व्हर नायट्रेट वापरून पेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. या रंगाचा गुण असा की तो शेकडो पेशींतल्या मोजक्याच पेशी रंगवतो, पण ज्या रंगवतो त्या शेंड्यापासून बुडापर्यंत. त्यामुळे गर्दीतली एकेक पेशी वेगळी दिसू लागली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच रीत सुधारून वापरली आणि सांगितलं की प्रत्येक चेतापेशी वेगळी आहे, पेशी एकमेकींना चिकटून जाळं करत नाहीत. गोल्जी शेवटपर्यंत जाळ्याच्याच बाजूने राहिले. १९०६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानातही काहाल यांच्या मताला विरोध केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर १९५०च्या दशकात दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली. रुंदी साधारण २० नॅनोमीटर. काहाल बरोबर होते.

आता संदेश. तारेतली वीज आणि मज्जातंतूतला संदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेतापेशीच्या आवरणाच्या बाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे जास्त. हा फरक टिकवायला आवरणातले पंप सतत चालू असतात. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उत्तेजना आली आणि हा आकडा उणे ५५च्या आसपास पोचला की सोडियमची दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच ती दारं बंद, पोटॅशियमची दारं उघडी, पोटॅशियम बाहेर, पुन्हा पूर्वस्थिती. सगळा प्रकार एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. पण तेवढ्यात शेजारच्या आवरणाला धक्का पोचलेला असतो आणि तिथे हेच घडतं, मग त्याच्या शेजारी. म्हणजे एखादा कण कमरेपासून तळपायापर्यंत धावत जात नाही. तीच घटना टप्प्याटप्प्याने नव्याने घडत पुढे सरकते. आणि ती एक तर पूर्ण घडते किंवा घडतच नाही. हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक पेशी कळवते तो संदेशांची संख्या कमी-जास्त करून. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२मध्ये हे सगळं गणितात बसवलं. त्यासाठी त्यांना १९६३चं नोबेल मिळालं.

स्क्विडच का? कारण त्याच्या एका अक्षतंतूची जाडी जवळजवळ एक मिलिमीटर भरते. उघड्या तंतूत संदेशाचा वेग वाढवायचा तर तंतू जाड करणं हाच मार्ग असतो आणि स्क्विडने तो घेतला. आपल्या अंगातले बारीक, उघडे तंतू सेकंदाला मीटर-दोन मीटर एवढ्याच वेगाने संदेश नेतात. सगळे तंतू स्क्विडसारखे जाड केले असते तर मज्जारज्जू कण्यात मावलाच नसता. आपल्या शरीराने दुसरी वाट धरली आणि तिथून आधारपेशींचं काम सुरू होतं.

हातापायांतल्या मज्जातंतूंमध्ये अक्षतंतूच्या कडेला श्वान पेशी असतात (थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून). वाढीच्या काळात अशी एक पेशी अक्षतंतूच्या एका तुकड्याला मिठी मारते, चपटी होते आणि त्याच्याभोवती फेऱ्या घालू लागते, कधी कधी पन्नासहून जास्त. फेऱ्या घालताना तिच्या आतला द्रव पिळून बाजूला सरतो आणि मागे उरतात फक्त स्निग्ध आवरणाचे थर. हेच मायलिन. असा तंतू आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दिसतं ते अळूवडीच्या उंड्याच्या कापासारखं: मधे अक्षतंतू आणि भोवती गोल गोल चिकटून बसलेले थर. एक श्वान पेशी जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा तुकडा झाकते. मग साधारण एक मायक्रोमीटरची उघडी जागा, मग पुढची पेशी. कमरेपासून तळपायापर्यंतच्या एका अक्षतंतूवर अशा शेकडो पेशी ओळीने बसलेल्या असतात. मधल्या उघड्या जागांना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात. सोडियमची दारं या गाठींपाशी दाटीने जमलेली असतात. संदेश झाकलेल्या भागातून झपकन पुढे जातो आणि प्रत्येक गाठीवर नव्याने उभा राहतो. केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू त्यामुळे सेकंदाला शंभर मीटरपर्यंतचा वेग गाठतो.

हा फरक तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला की आधी एक तीक्ष्ण, नेमकी कळ येते. 'आई गं' म्हणून होतं आणि सेकंदाभराने दुसरी वेदना येते, जळजळणारी, पसरट, रेंगाळणारी. पहिली कळ पातळ मायलिन असलेल्या तंतूंतून आली. दुसरी मायलिन नसलेल्या बारीक तंतूंतून, त्यांचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. इजा एकच, पण बातमी दोन वेगांनी पोचली. हे बारीक तंतूही अगदी एकटे नसतात. अशा कित्येक तंतूंना एकच श्वान पेशी आपल्या घड्यांमध्ये धरून असते. फेऱ्या घालत नाही, पण सांभाळते.

आता पुण्यातल्या त्या आजाराकडे येऊ. जीबीएसचा संशय आला की न्यूरॉलॉजिस्ट गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून पाहतात. पाय उडत नाही. मग एनसीव्ही नावाची तपासणी होते. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मज्जातंतूला विजेचा हलका झटका देतात आणि दुसऱ्या ठिकाणी संदेश कधी आणि केवढा पोचला ते पडद्यावर पाहतात. निरोगी माणसाच्या हातात वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर, पायात ४०च्या वर. या आलेखातल्या दोन गोष्टी डॉक्टर बघतात. वेग घसरला असेल तर मायलिन उतरलंय. वेग बरा आहे पण लाटेची उंची कमी झालीय, तर खुद्द अक्षतंतूच जायबंदी आहेत. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत आलेख जवळजवळ नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

जीबीएसचे मुख्य प्रकार या दोन खुणांप्रमाणेच पडतात. एका प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती श्वान पेशींच्या मायलिनवर तुटून पडते. दुसऱ्यात तिचा नेम अक्षतंतूच्या आवरणावर असतो आणि रॅनव्हिएच्या गाठी उघड्या असल्यामुळे मार तिथे बसतो. कॅम्पिलोबॅक्टरचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी जास्त जुळतो. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असलेले रेणू असतात आणि त्यांतले काही आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूला मारायला तयार झालेली प्रतिपिंडं मग स्वतःच्याच तंतूंना जाऊन चिकटतात. पोट आणि पाय यांचा संबंध तो हा. म्हणूनच या आजारात जंतू मारून भागत नाही, प्रतिपिंडं आवरावी लागतात. त्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात किंवा प्लाझ्मा बदलतात. स्टिरॉइडचा इथे उपयोग होत नाही, हे चाचण्यांत स्पष्ट झालं आहे.

बरं होण्याचा वेगही कुणाला मार बसला त्यावर ठरतो. मायलिन उतरलं असेल तर श्वान पेशी पुन्हा फेऱ्या घालतात आणि रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चालू लागतो. नवं मायलिन जरा पातळ असतं, पण काम होतं. फक्त गाठींपाशी संदेश अडला असेल तर सुधारणा आणखी लवकर दिसते. अक्षतंतूच तुटले असतील तर त्यांना नव्याने वाढावं लागतं, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून तळपायापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. घरातलं माणूस सहा महिन्यांनीही काठी घेऊन चालत असेल तर त्यात त्याची जिद्द कमी पडली असं कुणीही म्हणू नये. पोलिओत तर विषाणू मज्जारज्जूतलं पेशीकायच मारतो. तिथे वाढायला तंतूचं मूळच उरत नाही, म्हणून तो लुळेपणा जन्माचा.

श्वान पेशींशी जडलेला दुसरा आजार महाराष्ट्राला फार जुना परिचयाचा आहे: कुष्ठरोग. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं आपल्याला माहीत आहेत. पण हा आजार नेमका कुठे राहतो हे आजही फार थोड्यांना ठाऊक असतं. १८७३मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना दिसलेला हा जिवाणू श्वान पेशींत मुक्काम करतो. पेशीच्या बाहेर लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं, त्याला चिकटून तो आत शिरतो आणि अत्यंत संथपणे वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. थंड जागा त्याला मानवतात. म्हणून त्वचा, कानाची पाळी, नाक आणि कातडीच्या अगदी जवळून जाणारे मज्जातंतू हे त्याचं ठिकाण. कोपराच्या आतल्या बाजूला मार लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तोच अल्नर मज्जातंतू. कुष्ठरोगाची तपासणी करणारा जाणता डॉक्टर कोपर वाकवून, बोटांनी चाचपून तो जाड झालाय का ते बघतो. तो बिघडला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं.

आणि बोटं झडतात म्हणतात ते? जंतू बोटं खात नाही. श्वान पेशी आणि तंतू गेले की वेदनेची बातमीच येत नाही. चुलीवरचं भांडं हाताला भाजतंय हे कळत नाही, चपलेत शिरलेला खिळा दिवसभर टोचत राहतो, फोड येतो, चिघळतो, हाडापर्यंत जातो. वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की विद्रूपता बहुतांशी न कळलेल्या जखमांतून येते आणि योग्य पादत्राणं, रोज तळपाय तपासणं, स्नायूबंध बदलण्याची शस्त्रक्रिया यांनी ती टाळता किंवा सुधारता येते. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाप आणि शाप म्हणून गावाबाहेर बसवलं, त्यांना एका आधारपेशीचा आजार झालेला होता. याची चीड मला आजही येते. आज सहा ते बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि ही औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. पण जंतू मेला तरी मेलेला तंतू परत येत नाही. बधिरपणा किंवा अशक्तपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर स्टिरॉइड देऊन मज्जातंतू वाचवता येतो. इथे स्टिरॉइड कामाचं ठरतं. म्हणून अंगावरचा फिकट, खाज नसलेला, टोचलेलं न कळणारा चट्टा दिसला की थांबू नये.

मेंदू आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे मायलिनचं काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात. त्यांची तऱ्हा वेगळी. एकच पेशी अनेक हात पसरून वेगवेगळ्या अक्षतंतूंचे कित्येक तुकडे झाकते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारशक्ती याच मायलिनवर चालून जाते. अॅस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या पेशींचा पसारा त्याहून मोठा. त्या एका पावलाने रक्तवाहिनीला आणि दुसरीकडे चेतापेशींच्या जोडांना धरून असतात. एका पेशीचा संदेश फटीपलीकडे नेणारं ग्लुटामेट हे रसायन संदेशानंतर तिथे उरतं, ते त्या टिपून घेतात. ते साचलं तर चेतापेशी उत्तेजनेनेच मरू शकते. बाहेर सांडलेलं पोटॅशियमही त्याच शोषतात. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रखवालदार पेशी. १९१९मध्ये पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी त्या वेगळ्या ओळखल्या. त्या कायम इकडेतिकडे चाचपत असतात, मेलेलं खातात आणि वाढत्या वयात नको असलेले जोड छाटतातही.

या आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं. दान केलेल्या मेंदूंच्या पेशी विरघळवून एकसारखा द्रव केला, त्यात फक्त केंद्रकं तरंगत ठेवली, आणि रंगाने चेतापेशींची केंद्रकं वेगळी काढून मोजली. २००९मध्ये आकडा आला: सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि इतर पेशी ८,५०० कोटींच्या आसपास. जवळजवळ एकास एक. आणि त्या चेतापेशींतल्या सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात.

राहिला एक प्रश्न. हातातला तुटलेला मज्जातंतू वाढतो, मग मज्जारज्जू तुटला की माणूस कायमचा खुर्चीत का? बराच काळ समज असा होता की मेंदू-मज्जारज्जूतल्या चेतापेशींत वाढीची ताकदच नाही. १९८१मध्ये मॉन्ट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अॅग्वायो यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. पायाच्या मज्जातंतूचा तुकडा काढून त्याचं एक टोक मेंदूच्या देठात आणि दुसरं मज्जारज्जूत बसवलं. मधे होत्या फक्त श्वान पेशी आणि त्यांनी घातलेली वाट. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे अक्षतंतू त्या तुकड्यात शिरले आणि तीन-तीन सेंटिमीटर वाढले. पलीकडच्या टोकाला मज्जारज्जूत परतताच मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर थांबले. पेशी त्याच, ताकद तीच, फरक शेजाराचा. तुटलेल्या जागी श्वान पेशी मेलेलं मायलिन झपाट्याने साफ करतात, ओळीने उभ्या राहतात आणि वाढीची द्रव्यं सोडतात. मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइटच्या मायलिनवर वाढ रोखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं नोगो सर्वांत अभ्यासलेलं. त्यात भर म्हणून अॅस्ट्रोसाइट जखमेभोवती व्रण उभा करतात. तो व्रण सूज पसरू देत नाही, म्हणजे उपकारच करतो, पण तंतूंची वाटही अडवतो.

पुढे मायामीत रुग्णाच्याच पायातल्या मज्जातंतूतून श्वान पेशी काढून, वाढवून मज्जारज्जूच्या जखमेत सोडण्याच्या चाचण्या झाल्या. पहिल्या टप्प्यात हे सुरक्षित असल्याचं दिसलं, चालता येण्याइतका फायदा मात्र झाला नाही. मोठी अडचण अशी की श्वान पेशी आणि अॅस्ट्रोसाइट एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये कडक सीमा तयार होते. तंतू श्वान पेशींच्या पट्ट्यात आनंदाने शिरतात आणि त्या सीमेवरून बाहेर पडत नाहीत. ही सीमा सैल कशी करायची, यावर अनेक प्रयोगशाळांत काम चाललं आहे.